नाव कुठे घालायचं?

पावसाचं पाणी ओसरून हिरवळ चालण्याजोगी झाली, की कंपन्यांच्या गोल्फ स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. पुण्यात येरवडा किंवा बावधन, मुंबईत चेंबूर. मैदान कित्येक महिने आधी राखून ठेवलेलं असतं. खेळाडू भरगच्च असतील तर 144. हा आकडा कुणाच्या मनात आला म्हणून ठरलेला नाही. 18 होल, प्रत्येक होलवर चौघाचौघांचे दोन गट, आणि भोंगा वाजला की सगळ्यांनी आपापल्या होलवरून एकाच वेळी सुरुवात करायची. याला शॉटगन स्टार्ट म्हणतात. एकदम सुटलेली माणसं साधारण एकदमच परततात, आणि अध्यक्षांच्या भाषणाला सभागृह भरलेलं दिसतं. यजमान कंपनीला खेळातून जे हवं असतं, ते बऱ्याच अंशी हेच.

तर पाहुण्यांना द्यायच्या भेटवस्तूंच्या 144 पिशव्या भरायच्या असतात. मार्केटिंगच्या खोलीत बैठक बसते. पहिला प्रश्न, माणशी खर्च किती? दुसरा, लोगो केवढा? पाहुण्याला यातलं काय उपयोगी पडेल, हे चहा आल्यावर कुणीतरी हळूच विचारतं, आणि ते ‘कुणीतरी’ बहुतेकदा खोलीतलं सगळ्यांत ज्युनियर माणूस असतं. अशा बैठकांना मी बसलो आहे. त्यांतला बराचसा वेळ जागा शोधण्यात जातो: टोपीचं कपाळ, शर्टाची छाती, मग बाही, छत्रीचे आठही भाग, पाण्याच्या बाटलीची पाठ आणि पोट. कुठलीही जागा रिकामी राहिली की कुणाला तरी नुकसान झाल्यासारखं वाटतं.

देणाऱ्याने भेटीवर आपलं नाव घालावं का, यावर नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. भांड्यावर नाव घालूनच आहेर करायची आपली रीत. दुकानदार गल्ल्याशेजारी बसून विजेच्या टोचणीने कर्रकर्र अक्षरं टोचून द्यायचा: अमक्याच्या मुंजीप्रीत्यर्थ, तमक्यांकडून, तारीख. त्या तांब्यांबद्दल कुणाची तक्रार ऐकली नाही. पण असा एखादा तांब्या काढून पाहावा. अक्षरं काठाखाली, इतकी बारीक की वाचायची तर तांब्या उजेडाकडे फिरवावा लागतो. आणि आधी नाव घेणाऱ्याचं, त्याच्या घरच्या कार्याचं. देणारा त्याच्यामागून येतो. कंपनीच्या टी-शर्टावर घेणारा कुठेच नसतो. प्रसंग कंपनीचा, तारीख कंपनीची, घोषवाक्य कंपनीचं. पाहुण्याचं असतं ते फक्त अंग.

चेंडूंची गोष्ट तर फारच गमतीची. नियमाप्रमाणे गोल्फच्या चेंडूचा व्यास किमान 42.67 मिलिमीटर असावा लागतो आणि वजन फार तर 45.93 ग्रॅम. त्यामुळे न खेळणाऱ्याला सगळे चेंडू एकसारखे दिसतात. खेळणाऱ्याला टायटलिस्टचा प्रो व्ही वन आणि कडक आवरणाचा स्वस्त दोन थरांचा चेंडू यांतला फरक फटका मारल्याबरोबर हाताला आणि कानाला कळतो. खरं तर त्याच्याही आधी, तीन चेंडूंची ती चिमुकली डबी, म्हणजे स्लीव्ह, उघडतानाच कळतो. यजमानाने काटकसर कुठे केली, हे त्याच्या तिथेच ध्यानात येतं आणि तो हसून आभार मानतो. खरेदी करणारा अधिकारी मात्र बहुधा गोल्फ खेळत नाही. त्याच्या तक्त्यात दोन्ही वस्तूंपुढे ‘गोल्फ बॉल, लोगोसह’ एवढंच लिहिलेलं असतं आणि तो शहाण्या माणसासारखा कमी दराला टिक करतो.

त्यात ते खळगे. एका चेंडूवर तीनशेच्या वर खळगे असतात आणि छपाई त्यांच्यावरूनच होते. नाजूक रेघांचा, खाली दोन ओळींचं घोषवाक्य असलेला लोगो तिथे फुटतो. छापणारा हे आधीच सांगतो. तरीही ब्रँडची नियमपुस्तिका पुढे करून घोषवाक्याचा आग्रह धरला जातो. आणि इतकं करून चेंडू जातो कुठे? महिन्या-दोन महिन्यांतून एकदा खेळणाऱ्या पाहुण्याचे दुपारपर्यंत काही चेंडू पाण्यात गेलेले असतात आणि काही झुडपात. कंपनीचं नाव तळ्याच्या गाळात जाऊन बसतं. पुढे कधीतरी तळ्यातले चेंडू काढून, धुऊन पुन्हा विकले जातात आणि आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या विक्रीप्रमुखाच्या बॅगेतही जाऊ शकतात. ही जाहिरात कुठल्या खात्यात टाकायची, ते हिशेबनिसांनी ठरवावं.

हातमोजा हा मापाचा आणि बाजूचाही प्रश्न. उजव्या हाताने खेळणारा तो डाव्या हातात घालतो, तोही एकच. सगळ्यांसाठी डाव्या हाताचे मोजे मागवले की डावखुरा पाहुणा विसरला गेलाच. शर्टांचंही तेच. तिरुप्पूरहून छान पोलो शर्ट येतात, पण बाईंना पुरुषी कापाचा ‘स्मॉल’ हातात ठेवताना स्वागतकक्षावरची मुलगी ओशाळते. नोंदणीच्या फॉर्मात दोन ओळी वाढवल्या असत्या तर हे टळलं असतं. त्या ओळी वाढवणारा माणूस भेट देतो आहे, असं मी मानतो. बाकीचे वाटप करतात.

मला विचाराल तर पिशवीतली सगळ्यांत चांगली वस्तू सगळ्यांत लहान असते. चेंडू उंचावरून ग्रीनवर, म्हणजे होलभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, आदळला की तिथे खळगा पडतो, त्याला पिच मार्क म्हणतात. तो बुजवायला दोन दातांचं, बोटाएवढं एक हत्यार मिळतं. दात खळग्याच्या कडेने खुपसायचे, कडेचं गवत मध्याकडे सारायचं आणि वरून पटरने, म्हणजे ग्रीनवर वापरायच्या काठीने, थोपटायचं. लगोलग केलं तर गवत लवकर सावरतं. तसंच सोडलं तर डाग बरेच दिवस राहतो आणि मागून येणाऱ्याचा चेंडू ऐन होलच्या तोंडाशी उडी मारतो. 2019 मध्ये नियम बदलले, तेव्हापासून ग्रीनवरच्या बुटांच्या खुणाही बुजवायला मुभा आहे, म्हणजे या हत्याराचं काम वाढलं. त्याच्याच पाठीला चुंबकाने चिकटलेला नाण्याएवढा मार्कर असतो. चेंडू उचलून पुसायचा असेल तर त्याच्या जागेवर खूण म्हणून तो ठेवायचा. यात माप नाही, डावं-उजवं नाही, बाई-पुरुष नाही. 18 होलमध्ये 18 वेळा हातात येतो आणि खिशात पडून घरी जातो. लोगोला जागा मात्र नखाएवढीच. घोषवाक्याचा प्रश्नच मिटतो.

टॉवेलही चांगला, पण तो कुठून आणायचा यावर माझं ठाम मत आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. स्पर्धा पुण्यात, सोलापूर अडीचशे किलोमीटरवर, आणि टॉवेल यायचा समुद्रापलीकडून, ही मला निव्वळ आळशी खरेदी वाटते. टॉवेलवर नाव छापू नये, भरतकामही करू नये. भरलेला भाग कडक होतो आणि ओला चेंडू पुसताना नेमका तोच हाताशी येतो. जॅकार्डवर विणूनच घ्यावं. कापडात अक्षरं विणायची सोलापूरला जुनी सवय आहे. विणलेलं नाव विरतं ते टॉवेलाबरोबरच.

महागड्या भेटींबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांचा समाचार करखात्याने घेतलेलाच आहे. भेट म्हणून वाटलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. आणि जुलै 2022 पासून, व्यवसायाच्या निमित्ताने एखाद्याला वर्षाकाठी 20,000 रुपयांवरचा लाभ दिला तर त्यावर 10 टक्के टीडीएस कापावा लागतो. पाहुण्याला पटर भेट द्यायचा आणि मागोमाग त्याचा पॅन नंबर मागायचा, असा तो सोहळा होतो. औषध कंपन्यांना डॉक्टरांना भेटी द्यायची 2024 च्या आचारसंहितेने मनाईच केली आहे. मोठ्या कंपन्यांतल्या खरेदी विभागाच्या लोकांना भेटींची नोंद रजिस्टरमध्ये करावी लागते. नोंद करताना ज्याचा हात अडखळेल, अशी वस्तू मुळात देऊच नये. बोटाएवढ्या हत्याराची नोंद करताना कुणाचाही हात अडखळत नाही.

तरी मोठ्या भेटीचा मोह सुटत नाही, म्हणून एखाद्या पार-थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायच्या, होलशेजारी चकचकीत मोटार उभी केलेली असते. पहिल्याच फटक्यात चेंडू होलमध्ये घातला तर मोटार तुमची. फोटो सगळ्यांत जास्त तिचेच निघतात. हौशी खेळाडूला तो फटका साधण्याची शक्यता साधारण साडेबारा हजारांत एक, असं सांगतात, आणि तेवढ्यासाठीही विमा उतरवता येतो. जपानमध्ये याच्या उलट चाल आहे. तिथे होल-इन-वन झाला तर ज्याचा झाला त्याने मित्रमंडळींना जेवण द्यायचं, भेटी वाटायच्या. हा खर्च इतका वाढतो की खेळाडू आधीच त्याचा विमा काढून ठेवतात. ज्याचं नशीब फळलं त्याने दुसऱ्यांना द्यावं, हे मला त्या उभ्या मोटारीपेक्षा जास्त सुसंस्कृत वाटतं. विमा कंपनीचं काय, तिला दोन्ही सारखेच.

या सगळ्या हिशेबात एक माणूस धरलेला नसतो. पिशवी मिळते पाहुण्याला, क्लबांनी भरलेली बॅग वाहतो कॅडी. चेंडू कुठल्या झुडपात शिरला हे तो पाहतो, पटरने मारलेला चेंडू कुठल्या बाजूला वळेल हे तो सांगतो, आणि पिच मार्कही बऱ्याचदा तोच बुजवतो. खेळ संपल्यावर पाहुणा पिशवी चाळतो. टोप्या त्याच्याकडे घरी आधीच पडलेल्या असतात. शर्ट पोटावर घट्ट होणार हे दिसतंच आहे. मग टोपी, शर्ट, कधी छत्रीसुद्धा कॅडीच्या हातात जाते. कुठल्याही मैदानावर सकाळी कॅडी जमतात त्या जागी जरा उभं राहून पाहावं: बँका, सिमेंट, मोटारी, म्युच्युअल फंड, केव्हाच बंद पडलेली एखादी मोबाइल कंपनी. कंपनी बुडाली, तिचा शर्ट अजून उन्हात चालतो आहे. ज्या छातीवरच्या जागेसाठी बैठकीत तासभर वाद झाला, ती छाती शेवटी याची.

मग हे मान्य करूनच यादी करावी. कॅडींना उरलंसुरलं मिळेल, असं गृहीत न धरता त्यांच्यासाठी वेगळ्या वस्तू मागवाव्यात: मान झाकणारी टोपी, घाम टिपणारं सुती कापड, पावसाळी जाकीट. त्यांची मापंही फॉर्म भरून घ्यावीत. क्लबच्या कॅडीमास्टरकडे सगळ्यांची नावं असतात. बहुतेक क्लबांत खेळाडूमागे एक कॅडी धरला, तर टोप्यांचा आकडा 144 वरून 288 वर जातो आणि पुरवठादार नगामागे दर उतरवतो, तेव्हा वाढलेला खर्च वाटतो तेवढा नसतो. लोगो दोन्ही टोप्यांवर एकाच मापाचा घालायचा, पाहुण्याच्या टोपीवर बारीक आणि कॅडीच्या टोपीवर कपाळभर असला प्रकार करायचा नाही.