भाग नवे बसवले, चाके सरळ केली का?



उपवासकाळ सुरू झाला की आपल्या चर्चमध्ये पापनिवेदनासाठी रांग लागते. ती पाहून आम्हाला समाधान वाटते. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते रांगेतून घरी परतल्यानंतरच्या दिवसांविषयी, आणि त्यासाठी उदाहरण घेणार आहोत एका ट्रकचे. (हे उदाहरण पापनिवेदनातले नाही. तिथले तिथेच मिटते. हे ओट्यावर बसून झालेले बोलणे आहे आणि सांगणाऱ्याच्या परवानगीने लिहीत आहोत.)

आपल्या धर्मग्रामातील एक जण स्वतःचा ट्रक चालवतो. गाडीचे स्टेअरिंग काही महिने डगमगत होते. खड्ड्यात चाक गेले की पुढून खडखड आवाज येई. हायवेवरच्या एका गॅरेजात गाडी उघडली तर किंगपिन आणि त्यांचे बुश झिजलेले, टाय रॉडचे एंड ढिले, पाट्यांचे बुश फाटलेले. सगळे नवे बसवले. पुढचे दोन टायरही नवे घातले. मिस्त्री म्हणाला, "शेठ, आता अलाइनमेंट करून घ्या." पण खर्च आधीच हाताबाहेर गेला होता. आवाज थांबला, स्टेअरिंग घट्ट झाले, मग आणखी पैसे कशाला? त्याच रात्री माल भरून गाडी गुजरातला निघाली.

दोन महिन्यांनी तो दुसऱ्याच कामासाठी बंगल्यावर आला आणि बोलता बोलता आम्हाला गाडीपाशी घेऊन गेला. "फादर, टायरवर हात फिरवून बघा." एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखे टोचत होते. बाहेरची कड तर जवळजवळ संपली होती. त्याने खालची गंमतही समजावून सांगितली. पुढची दोन्ही चाके एका आडव्या दांड्याने जोडलेली असतात, तो टाय रॉड. त्याच्या दोन टोकांचे आटे एकमेकांच्या उलट असतात, म्हणून दांडा फिरवला की चाके पुढून जवळ येतात किंवा फाकतात. नवे एंड बसवताना एखादा आटा कमी-जास्त झाला तरी चाकांची दिशा बदलते. डोळ्यांना काही दिसत नाही. गाडी सरळच जाते, कारण दोन चाके एकमेकांशी भांडत असली तरी दोघांच्या मधून वाट निघतेच.

आम्ही घरी येऊन हिशेब केला. चाक आपल्या वाटेपासून फक्त 1 अंश तिरके असेल, तर दर किलोमीटरला टायर सुमारे 17 मीटर बाजूला घासटतो. 500 किलोमीटरच्या फेरीत साडेआठ किलोमीटर! आणि बंधू-भगिनींनो, लक्षात घ्या, चुकीचा बसलेला दांडा झिजत नाही. झिजतो तो टायर, ज्याचा काहीच दोष नव्हता.

आपल्या घरांत असे टायर कोण आहेत?

एखादा भाऊ तपसाधनेला जातो आणि दारू सोडतो. देवाची स्तुती असो, ही लहान गोष्ट नाही. घरातली खडखड थांबते. पण पगार किती आला हे पत्नीला अजूनही विचारावे लागते, आणि बाबा घरात शिरले की मुलगा अजूनही बोलायचा थांबतो. बाबांना वाटते, मी तर आता चांगला झालो, मग यांचे तोंड वाकडे का? माता-भगिनीही यातून सुटत नाहीत. सुनेशी भांडण मिटवून कम्युनियन घेतलेली सासू शेजारणीकडे तीच गोष्ट पुन्हा सांगते.

पापक्षमेने पाप पुसले जाते, पण पापाने केलेली सगळी मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात 1459 व्या परिच्छेदात हे स्पष्ट सांगितले आहे. चोरलेले परत करावे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा स्वच्छ करावे, जखमेची भरपाई करावी. जक्कयाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. तो रडला असे लूक सांगत नाही. जक्कयाने आकडा सांगितला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट.

मग आपणही आकड्यांविषयी बोलू. बांध सरकवल्याचे मनाला लागले, देवाची क्षमा मागितली, पण बांध कुठे आहे? वडील वारले, सातबाऱ्यावर भावांची नावे चढली, आणि बहिणीला "तुझे लग्न केले ना" म्हणून गप्प बसवले. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. अशा वेळी नवरा-बायकोचे अगदी एकमत असते. आमच्या ट्रकवाल्याला अलाइनमेंटवाल्याने हेच दाखवले की दोन चाके एकमेकांशी जुळली म्हणून भागत नाही. माप गाडीच्या मधल्या रेषेवरून घ्यावे लागते, नाहीतर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. आपल्या घराची मधली रेषा कोणती, हे विचारायची वेळ नवरा-बायकोचे एकमत असते तेव्हाच जास्त येते.

एक मात्र खरे, क्रम उलटा करून चालत नाही. किंगपिन ढिला असताना कितीही माप घेतले तरी ते टिकत नाही. म्हणून आधी पापनिवेदन, आणि लगेच दुसरे काम.

त्याने शेवटी अलाइनमेंट करून घेतले. त्या दिवशी त्याला कळले की इतके दिवस तो स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरूनच चालवत होता. हाताला सवय झाली होती. पुढचे दोन्ही टायर मात्र बदलावेच लागले. झिजलेले रबर परत येत नाही. काही दिवस गाडी चालवून नटबोल्ट पुन्हा आवळायला त्याला बोलावले होते, तेव्हा तो न कंटाळता गेला.

दर शनिवारी सायंकाळच्या मिस्सेपूर्वी पापनिवेदनासाठी आम्ही बसलेले असू. बांधाविषयी किंवा बहिणीच्या वाट्याविषयी ज्यांना बोलायचे आहे, पण सुरुवात कोणी करायची हे कळत नाही, त्यांनी आम्हाला निरोप द्यावा. दोन्ही बाजूंना एकत्र बसायला बंगल्यातली खोली मोकळी आहे. चहा आमच्याकडे.