उसनवारीचा माग

चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही तबकडी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने 1982 मध्ये काढली, तेव्हा तिला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. 2010 मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा बाजारात आणली आणि एकच गजर सुरू झाला : 'ॲसिड हाउस' हे यंत्रांवरचे नृत्यसंगीत जन्मले ते शिकागोत नव्हे, मुंबईत! शिकागोच्या फ्यूचर या गटाचे 'ॲसिड ट्रॅक्स' 1987 चे, म्हणजे आपण पाच वर्षे पुढे.

हा अभिमान मला पटत नाही. आधी कोण, हे तारखा सांगतात. कोणी कोणाचे घेतले हे म्हणायला मात्र एकाने दुसऱ्याचे ऐकलेले असावे लागते, आणि शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा कोणी पुढे केलेला नाही. दोघांकडे रोलँड कंपनीचे टीबी-303 हे एकच यंत्र होते, इतकाच दुवा.

खऱ्या उसनवारीचा माग काढता येतो. त्याच 1982 साली न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या आफ्रिका बंबाटाने 'प्लॅनेट रॉक' हे गाणे केले. त्यातली धून जर्मनीच्या क्राफ्टवर्क या गटाच्या 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'ची (1977), तालाचा साचा त्यांच्याच 'नंबर्स'चा (1981). आणि या जर्मनांपैकी कार्ल बार्टोसने आपण सगळे अमेरिकन फंक गायक जेम्स ब्राउनचे चाहते होतो, हे मोकळेपणी सांगितलेले आहे. ब्राउनचे फंक पहिल्या ठोक्यावर सारा भार टाकते. समेची वाट पाहणाऱ्या कानाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तो भार कृष्णवर्णीयांच्या संगीतातून जर्मन यंत्रांत गेला आणि यंत्रांतून पुन्हा ब्राँक्समध्ये आला. क्राफ्टवर्कला पुढे मोबदलाही मिळाला.

मग सिंगांचे मोठेपण कशात? ते हिंदी चित्रपटसंगीतात बेस वाजवणारे, राहुलदेव बर्मन यांच्याकडेही वाजवलेले. 303 बनले ते साथीला बेसवाला नसलेल्या गिटारवाल्यासाठी. आणि ते हाती घेतले ते एका बेसवाल्यानेच. त्या यंत्रात एका सुरावरून पुढच्या सुरावर घसरत जाण्याची सोय आहे. भैरव किंवा ललत अशा सरकत्या बेसवर मांडला, की मींडेची आठवण होते; वर तालाचे यंत्र मात्र ठोका तसूभर हलू देत नाही. डोलणारा सूर आणि अढळ ठोका यांची ही ओढाताण सिंगांनी मिटवली नाही, ती ऐकू येऊ दिली. शिकागोच्या दाखल्यावाचूनही हे काम थोरच आहे.

त्या दाखल्यामागे धावताना दारातली उसनवारी आपल्याला ऐकूच येत नाही, याचे मला वाईट वाटते. नागपुरात ताजुद्दीन बाबांच्या उरुसाला ताजबागेत चंदन घेऊन संदल निघतो. त्याच्यासोबत वाजणाऱ्या ताफ्यालाही इथे संदलच म्हणतात, आणि तेच नाव वरातीत नि गणपती विसर्जनातही चालते. गाडीवर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. हा ऑक्टोपॅडही मूळचा रोलँडचाच, 1985 चा. पॅडवर काठी पडली की टाळीचा, ढोलाचा, वाटेल तो आवाज येतो. 'डिस्को डान्सर'मधले (1982) 'औवा औवा' वाजले, तर ती बगल्स या इंग्लिश जोडीच्या 1979 च्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'वरून उचललेली चाल. इंग्लंडचा इलेक्ट्रॉनिक पॉप मुंबईमार्गे नागपूरच्या रस्त्यावर येतो. वाजवणाऱ्याने बगल्सचे नावही ऐकलेले नसेल, पण ऐकण्याची साखळी कुठेच तुटलेली नाही.

नागपूर विद्यापीठात संगीत शिकवले जाते. तिथल्या विद्यार्थ्यांनी घराण्यांच्या वंशावळीसोबत ही साखळीही लिहून काढावी. कोणाचे वाजवणे ऐकून कोण शिकला, बेंजोच्या जागी कीबोर्ड कधी आला, पॅडमधला कोणता आवाज कोणत्या गाण्यातून भरून घेतला, हे वाजवणारे आज स्वतः सांगू शकतात.