घाटाची चढण आणि मजुराची मान



सूरह अल-बलदमध्ये अल्लाह तआलाने 'अकबा' हा शब्द योजला आहे. अकबा म्हणजे डोंगरातली अवघड चढण; नाणेघाट पायी चढलेल्या जुन्नरकरांना तो वेगळा समजावून सांगायला नको. ही चढण कोणती, याचा खुलासा करताना कुरआनने पहिले स्थान दिले ते बंधनात अडकलेली मान मोकळी करण्याला. भुकेल्यांना जेवू घालण्याचा उल्लेख त्यानंतर येतो.

अशा एका मोकळ्या झालेल्या मानेचा इतिहास जुन्नरशी जोडलेला आहे. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अनेक हातांतून फिरत दख्खनेत आला. त्याचा धनी चंगीझखान वारल्यावर धन्याच्या विधवेने त्याला मुक्त केले. तोच पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. काही काळ राजधानीही जुन्नरला आली. मात्र त्याच्याच सैन्यात विकत घेतलेले हबशी होते, हेही सांगितले पाहिजे. मानवाधिकार इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वीच दिले, असे आपण व्यासपीठावरून अभिमानाने म्हणतो. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याने 1948 साली गुलामगिरी निषिद्ध ठरवली, तरी सौदी अरेबियात ती 1962 पर्यंत टिकली. या विलंबाचा दोष आपणा मुसलमानांकडेच येतो.

1956च्या आंतरराष्ट्रीय करारात कर्जापोटी श्रम गहाण पडण्यालाही गुलामीसदृश प्रथा मानले गेले. आपल्या देशात 1976चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे. सूरह तौबाच्या 60व्या आयतीत जकातीचे हक्कदार सांगताना, बंधनातल्या माना सोडवण्यापाठोपाठच कर्जात बुडालेल्यांचा उल्लेख आहे. ही जवळीक विचार करण्याजोगी आहे.

दर हंगामात जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. राज्यभर चालणारी पद्धत अशी, की नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल नवऱ्याच्या नावे, आणि आजारपणाने काम बुडाले की खाडा. उचल फिटली नाही, तर पुढचा हंगामही बांधला जातो. आगाऊ मजुरी शरीअतमध्ये मना नाही. पण फिकहच्या दृष्टीने काम, मुदत आणि मोबदला दोन्ही पक्षांना ठाऊक असल्याशिवाय इजारा, म्हणजे मजुरीचा करार, दुरुस्त होत नाही. मदयनच्या वृद्धाने हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवताना आठ वर्षांची मुदत स्पष्ट सांगितली, पुढची दोन त्यांच्या मर्जीवर सोडली आणि त्रास देणार नाही असा शब्दही दिला (सूरह कसस, 27).

हा प्रश्न एकट्या मुकादमाचा नाही. आपल्यात बागायतदार आहेत, वाहनमालक आहेत, कांदा-टोमॅटोचे व्यापारी आहेत. आगाऊ पैसे देऊन माणसे आणणारे कितीतरी. बुखारी शरीफमधील हदीसनुसार, पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील. आणि स्त्रीच्या कमाईत तिचा वाटा आहे, हे सूरह निसाच्या 32व्या आयतीत स्पष्ट असताना 'अर्ध्या कोयत्या'ची मजुरी तिच्या हाती न पडणे कसे चालेल?

काही जण विचारतात, मजूर मुस्लिम नसेल तर? हनफी मतानुसार जकात मुस्लिम हक्कदारालाच द्यावी लागते. ऐच्छिक सदक्याला ती अट नाही. मजुरीचा तर जकातीशी संबंधच नाही, ती ज्याची त्याला द्यायचीच आहे. म्हणून उचल लिहून ठेवावी. आजारात बुडालेल्या दिवसांचा खाडा सोडून द्यावा. आणि टोळी गावी परतण्यापूर्वी वहीतला हिशेब नवरा-बायको दोघांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा.