वराचे मोल



माणसांची राष्ट्रे व कबिले परस्परांची ओळख पटावी म्हणून केली आहेत, असे दिव्य कुरआन (४९:१३) सांगते. दुसऱ्याची ओळख करून घेताना पुष्कळदा आपल्याच घराचे दर्शन घडते.

इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागात मिनांगकबाऊ समाज राहतो. हे लोक मुसलमान असून, आपल्या कोकणी बांधवांप्रमाणे शाफई पंथाचे अनुयायी आहेत. मात्र तेथे कूळ आईकडून चालते, पिढीजात घर व शेत मुलींकडे जाते आणि परंपरेने पतीच पत्नीच्या घरी राहावयास जातो. परियामान या किनारी भागात तर मागणीही वधूपक्षच घालतो.

हे ऐकून कोणी हसेल, तर त्याने हजरत खदीजा (रजि.) यांचे स्मरण करावे. विवाहाचा प्रस्ताव त्यांच्याचकडून प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेला होता. हजरत उमर (रजि.) यांनीही आपली विधवा कन्या हफ्सा (रजि.) यांच्यासाठी स्वतः विचारणा केली होती. रीत निराळी असणे हा दोष नव्हे. रूढी शरीअतच्या आज्ञेला छेद देत नाही, तोवर फकीहांनी तिला मान दिला आहे.

परंतु याच परियामानात वराला सन्मानाने आणण्यासाठी वधूपक्ष सोने किंवा रक्कम देतो. तिला ‘उआंग जपुइक’, म्हणजे ‘आणावयाचे पैसे’, म्हणतात. जुन्या रीतीप्रमाणे वधू सासरच्या भेटीस गेली की, वराचे घराणे तितक्याच मोलाची, कधी अधिकही, भेट तिला परत करी. पुढे या व्यवहारात दुसरी रक्कम शिरली. ती परत येत नाही. वराचे शिक्षण व नोकरी पाहून तिचा आकडा ठरतो. लोकांनीच तिला नाव दिले ‘उआंग हिलांग’, म्हणजे ‘हरवलेले पैसे’.

आता आपल्या मांडवाकडे पाहू. निकाह पढविताना मी महरची रक्कम विचारतो; उत्तर येते, “उधार लिहा.” त्याच वेळी बाहेर कपाट, पलंग आणि मोटारसायकल रांगेत उभी असतात. ते मात्र सारे रोख! “आमची काही मागणी नाही, जे द्याल ते तुमच्याच मुलीला द्याल,” हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! ते ऐकून परतलेला बाप त्या रात्री कर्जाचा हिशेब मांडीत बसतो. परियामानात हरवलेल्या पैशाला निदान खरे नाव तरी आहे. आपण त्याला ‘खुशीचे देणे’ म्हणतो.

स्त्रियांना त्यांचा महर आनंदाने द्या, ही कुरआनची (४:४) आज्ञा आहे. जवळ काहीच नसलेल्या एका सहाबींना प्रेषितांनी (स.) निदान लोखंडाची अंगठी तरी शोधून आणावयास सांगितले; वधूच्या पित्याकडे बोट दाखविले नाही. अल्लाहने ज्याला देणारा केले, तो घेणारा होऊन बसला, हीच आपली शोकांतिका. हुंडा देशाच्या कायद्यानेही १९६१ पासून गुन्हा आहे. पण मोमिनाला कायद्याच्या धाकाची गरज का भासावी?

तरुणांनो, निकाहापूर्वी महर हातात ठेवा. आणि ज्यांनी पूर्वी मागून घेतले आहे, त्यांनी ते परत करावे. जुन्या परियामानात सोने परत जात असे. आपल्या घरातूनही ते जाऊ शकते. पत्नीचा उधार महर तर मृत्यूपूर्वी फेडावयाचे ऋणच आहे.

अल्लाह आम्हा सर्वांना घेणाऱ्या हातांऐवजी देणारे हात प्रदान करो. आमीन.