ज्याचं तोंड

देवगडातल्या एका मुलीने मुंबईत मेकअपचा कोर्स केला आणि घरी येताना बावीस ब्रशांचा संच आणला. शेळीच्या केसांचे, मऊ, लाकडी दांड्यांचे. जामसंड्यात भाड्याच्या खोलीत पार्लर उघडलं. ब्रशांची गुंडाळी ती अशा थाटात उलगडायची की समोरची बाई आरसा सोडून तिकडेच बघत राही. पहिली गिऱ्हाइकं खूश होऊन गेली. शिकवलेला क्रम, तेच ब्रश, तेवढेच फेरे.

एप्रिलअखेर एक नवरी ट्रायलला आली. लग्न आठ दिवसांवर. तिसऱ्या ब्रशाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उजवा गाल लाल झाला होता. ‘काय नाय होणत,’ ती म्हणाली. लग्न ठरलेल्या मुली असंच म्हणतात. मुलीला वाटलं, क्रीम मानवत नसेल. तिने क्रीम बदललं, ब्रश तोच ठेवला. गाल आणखी पेटला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आजोबा खळ्यात बसले होते. दशावतारात त्यांनी उभी हयात स्त्रीपार्ट केलेले. ‘तिची कातडीच खराब,’ मुलगी म्हणाली. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी माळ्यावरचा पेटारा खाली काढायला लावला.

आत हातभर आरसा, सफेद्याचा डबा, पिवडीची पुडी, काजळाची डबी, जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि भुवया काढायला कापूस गुंडाळलेले माडाचे हीर. ब्रश एकही नव्हता. मुलीला हसू आलं.

आजोबांनी दोन गड्यांची गोष्ट काढली. एक राजाचं काम करायचा. त्याचं तोंड तेलकट. खोबरेलात कालवलेला सफेदा मध्यरात्रीपर्यंत ओघळायचा, आणि युद्धाला उभं राहीपर्यंत राजाच्या मिशा हनुवटीला पोचायच्या. म्हणून तो तेल जवळजवळ वगळायचा, सफेदा चिंधीने कोरडाच थापायचा. दुसरा दिवसा होडीवर जाणारा. खाऱ्या वाऱ्याने त्याची कातडी भेगाळलेली. तो आधी तेल जिरवायचा, एक बिडी संपेपर्यंत थांबायचा, मग तळव्याने रंग दाबायचा. चोळायचा कधीच नाही. रंगाची वाटी मात्र दोघांत एक.

‘मग दुसऱ्याला तुम्ही शिकवलंत?’

‘मी कित्या शिकवू? आमच्यात ज्याचा तोंड तोच रंगयता. खय चुरचुरता ता बोटाक आपसूक कळता. तू दुसऱ्याचा तोंड रंगयतस गो. तुका इचारूक होया.’

दशावतारात लिहिलेली संहिता नसते, तसा रंगवायला वेगळा माणूसही नसतो. प्रत्येक नट आपल्या पेटाऱ्यासमोर मांडी घालून स्वतःचाच चेहरा करतो. मला हे आजवर गरिबीचं लक्षण वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी नवरीच्या घरी गेली, गुंडाळी न घेता. विचारलं. नवरी आंब्याच्या पेट्या भरायच्या कामावर होती. देठ मोडला की हापूसचा चीक पिचकारीसारखा उडतो. जाणते म्हणूनच थोडा देठ ठेवून आंबा उतरवतात. आठवड्यापूर्वी तो चीक तिच्या गालावर उडाला होता. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो तसा हा चीकही कातडी उतवतो. कामाला लागलेल्या पोरी खोबरेल चोपडतात आणि पुढची पेटी ओढतात. देवगडसह कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या गालांची आठवण कुणाला झाली असेल असं वाटत नाही.

‘काल सांगितलं का नाहीस?’

‘तुमी इचारल्यात खय?’

मुलीने तिला आधी डॉक्टरकडे पाठवलं आणि लग्नापर्यंत गालाला काही लावू नको म्हणून बजावलं. रात्री कोर्सची वही उघडली. सगळं तिच्याच अक्षरात होतं. शेळीच्या केसावर बारीक खवले असतात, त्यांत कोरडी पावडर धरून राहते. पण ओलं क्रीम तो केस स्वतःच पितो, मग क्रीम पुरत नाही आणि हात नकळत जोर लावतो. कृत्रिम तंतू गुळगुळीत, क्रीम पीत नाही, धुतल्यावर लवकर वाळतो. देवगडच्या दमट हवेत ही लहान गोष्ट नाही. ओलसर राहिलेल्या ब्रशाला बुरशी धरते. कोरड्या कातडीला ओला स्पंज दाबून, घासून नव्हे. पुटकुळ्या असतील तिथे मऊ कृत्रिम ब्रश टेकवायचा आणि तो धुतल्याशिवाय दुसरीच्या गालाला लावायचा नाही. परीक्षेत यावरच्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण होते.

लग्नाच्या दिवशी बावीसपैकी चारच ब्रश बाहेर आले. गाल शांत झाला होता, डाग मात्र होता. त्यावर तिने ब्रश फिरवलाच नाही. ओल्या स्पंजाने हलकं टिपलं, तेही नवरीला दर वेळी विचारून. शेळीचे केस फक्त कपाळ-नाकाच्या पावडरीपुरते. फोटोत डाग जरासा दिसतो. नवरी हसताना दिसते.

पुढच्या आठवड्यात तिच्या पॅकिंगच्या चार मैत्रिणी पार्लरात आल्या. मुलगी गुंडाळीला हात न लावता त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. ‘कातडी कशी आहे, कुठे काही झोंबतं का?’

चौघी एकमेकींकडे बघू लागल्या. मग थोरलीने दोन्ही तळवे पुढे केले; चिकाने काळे पडलेले, बोटांच्या पेरांशी सोललेले.

‘तोंडाचा रवांदे गो,’ ती म्हणाली, ‘आदी ह्ये हात बघ.’