हिंदुरावाचा पाहुणचार

‘सामना’तला हिंदुराव साखर कारखान्याचा आणि अख्ख्या पंचक्रोशीचा धनी. गावात भटकत आलेल्या दारुड्या मास्तरला तो वाड्यावर आणतो, खाऊपिऊ घालतो, अदबीनं विचारपूस करतो. पुढे मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं ते विचारू लागतो आणि तो पाहुणचार कशासाठी होता, याची आपल्याला भीती वाटू लागते. मी हा चित्रपट पुन्हा पाहतो तो त्या मवाळ आवाजासाठी. सत्ता दरडावते तेव्हा माणूस सावध होतो. ती जेवायला वाढते तेव्हा मिंधा होतो. हिंदुराव साकारणाऱ्या निळू फुल्यांनी हे नेमकं हेरलं होतं.

पडद्यावर इतका दुष्ट माणूस प्रत्यक्षात इतका सज्जन कसा, याचं नवल आजही पुण्यात ऐकू येतं. मला ते पटत नाही. निळूभाऊ तरुणपणी इथल्याच लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. पगार महिना 80 रुपये, त्यातले 10 राष्ट्र सेवा दलाला. आठवा हिस्सा! आपल्यापैकी किती जण देतात? सेवा दलाच्या कलापथकातून ते घडले आणि ‘एक गाव बारा भानगडी’तल्या झेलेअण्णानं 1968 साली त्यांना घराघरांत पोचवलं. सत्ता त्यांनी खालून, राबणाऱ्यांच्या बाजूनं पाहिली होती. पाटलाची नजर कुणावर कशी पडते, हे ज्याच्यावर ती पडते त्यालाच नीट ठाऊक असतं. म्हणून त्यांचा खलनायक कधी राक्षस झाला नाही. तो आपल्या ओळखीचा निघाला, आणि गावोगावच्या बायकांनी त्यांच्या नावानं बोटं मोडली.

आपण सज्जन माणसं मात्र वाईटाकडे पाहायचंच टाळतो. ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून पुढे जातो. या टाळण्यावरच हिंदुराव पोसले जातात, असं मला मनापासून वाटतं.

‘सिंहासन’मध्ये (1979) निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस होते. राजकारणातलं सगळं पाहून दिगूला शेवटी वेड लागतं. निळूभाऊंनीही बरंच पाहिलं, पण ते हताश होऊन बसले नाहीत. मास्तर साकारणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. ‘सामना’तले मास्तर आणि हिंदुराव इथे एकाच बाजूला होते. घरदार मागे ठेवून पूर्णवेळ चळवळीत राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हाती दरमहा थोडं मानधन पडावं, यासाठी तो निधी होता.