सभासदांची यादी

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात समलिंगी विद्यार्थ्यांची संघटना स्थापन व्हावी असा अर्ज विद्यापीठाच्या दप्तरी रुजू झाला, तेव्हा तो अडला एका अगदी कारकुनी बाबीवर. कोणत्याही विद्यार्थी-संघटनेस मान्यता हवी असेल तर तिने आपल्या सभासदांची यादी सादर केली पाहिजे असा तेथील शिरस्ता होता. आणि ज्या काळी न्यूयॉर्क राज्याच्या दंडविधानात समलिंगी संबंध हा गुन्हा होता, मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत तो विकार होता, आणि घरी सुगावा लागला तर शिक्षणाचा खर्चच बंद होण्याची धास्ती होती, त्या काळी अशा यादीत आपले नाव घालण्यास कोण धजावणार? अर्जदार विद्यार्थी स्वतःच स्टीफन डोनाल्डसन या टोपणनावाने वावरत होता. त्याने काढलेली तोड मोठी मार्मिक होती. विद्यापीठातील नाणावलेल्या विद्यार्थी-पुढाऱ्यांना त्याने गळ घातली, की तुम्ही नावापुरते सभासद व्हा. ते झाले. नियमाचे पालन झाले, ज्यांची नावे उघडी पडायला नको होती ती झाकलेली राहिली, आणि १९ एप्रिल १९६७ रोजी ‘स्टुडंट होमोफाइल लीग’ला रीतसर मान्यता मिळाली. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

या चळवळीचा इतिहास सांगताना १९६९ सालच्या स्टोनवॉलच्या दंगलीपासून आरंभ करण्याची प्रथा पडली आहे, आणि पोलिसांच्या अंगावर धावून गेलेल्या लोकांचे धैर्य कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तथापि विद्यापीठाच्या आवारातील चळवळीचा विचार करू लागलो, म्हणजे मला त्या यादीतील नावे अधिक महत्त्वाची वाटू लागतात. ज्यांनी ती दिली त्यांना स्वतःसाठी काही मागायचे नव्हते. उद्या कोणी त्या यादीवर बोट ठेवून कुजबुजला असता तर ती कुजबुज त्यांनाही सोसावी लागली असती, आणि आपण ‘तसे’ नाही असे सांगत सुटण्याने यादीचे प्रयोजनच नष्ट झाले असते. दुसऱ्याच्या संकटाला आपले नाव जामीन म्हणून देणे, ही स्वयंसेवेची मला ठाऊक असलेली सर्वांत निर्भेळ जात आहे.

पण नोंदणी झाल्यावर मिळवायचे काय असते? मान्यता मिळाली म्हणजे सभेसाठी खोली मागता येते, सूचनाफलकावर कागद डकवता येतो, आणि पाहुण्यांना बोलावता येते. ह्या गोष्टी इतक्या क्षुल्लक आहेत की ज्यांना त्या आपोआप मिळतात त्यांना त्यांची किंमत कळत नाही. सत्ताधाऱ्यांना मात्र ती चांगली कळते. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात १९७३ साली ‘गे स्टुडंट्स ऑर्गनायझेशन’ला मान्यता मिळाली, आणि त्या वर्षीच्या ९ नोव्हेंबरला संघटनेने एक नृत्याचा कार्यक्रम केला. कार्यक्रम शांततेने पार पडला. परंतु राज्याचे गव्हर्नर मेल्ड्रिम थॉम्सन यांनी त्यावर काहूर उठवले आणि विश्वस्तांनी संघटनेच्या सामाजिक कार्यक्रमांवर बंदी घातली. डिसेंबरात संघटनेने एक नाटक केल्यावर गव्हर्नरसाहेबांनी विद्यापीठाचे अनुदान थांबवण्याची जाहीर धमकी दिली. या बंदीतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. संघटना राहू द्या, तिच्या कामकाजाच्या सभा होऊ द्या, हवे तर हक्कांवर भाषणे झडू द्या. मात्र नाच नको, मेळावा नको, चहापान नको. म्हणजे तुम्ही एक ‘प्रश्न’ म्हणून हजर राहिलात तर आमची हरकत नाही, परंतु माणसे म्हणून एकत्र येऊन आनंद करू लागलात की मर्यादा ओलांडली.

विद्यार्थी न्यायालयात गेले. १९७४ च्या अखेरीस अपील न्यायालयाने जो निकाल दिला, त्याचे सार असे, की समविचारी व समदुःखी माणसांनी एकत्र जमणे हे संघटनेचे केवळ करमणुकीचे अंग नसून तिच्या कार्याचाच भाग आहे. तेव्हा इतर संघटनांना सामाजिक कार्यक्रमांची जी मुभा आहे ती हिला नाकारता येणार नाही. आपल्याकडे अशा कार्यक्रमांची जेव्हा जेव्हा टवाळी होते, म्हणजे इंद्रधनुषी पताका, रंगवलेले चेहरे आणि ढोलताशे पाहून ‘यात चळवळ कुठे आहे?’ असे भले भले पुरोगामी विचारतात, तेव्हा तेव्हा मला हा निकाल आठवतो. कोलंबियातच अर्ल हॉल नावाची एक वास्तू आहे. धार्मिक व परोपकारी कार्यासाठी बांधलेल्या ह्या इमारतीत सत्तरीच्या दशकात समलिंगी विद्यार्थ्यांचे मासिक नृत्य होई आणि शहरभरातून माणसे लोटत. २०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या सूचीत अर्ल हॉलची नोंद झाली, ती या नाचांमुळे.

आपल्या देशातील कायद्याने हा प्रश्न वेगळ्या दिशेने सोडवला, आणि त्यात आपली काही अडचण दडलेली आहे. २००९ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, २०१७ चा खासगीपणाच्या हक्काचा निकाल आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरील ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल, यांत समतेचा व प्रतिष्ठेचा विचार पुष्कळ आहे. परंतु सामान्य माणसाच्या मनात उतरला तो एवढाच, की चार भिंतींच्या आत कोण काय करतो हे पाहण्याचा अधिकार सरकारला नाही. हे खरेच आहे, आणि थोडेथोडके नाही. पण विद्यापीठ चार भिंतींच्या आत राहणाऱ्यांसाठी नसते. वर्गात, वाचनालयात, वसतिगृहाच्या व्हरांड्यात आणि कँटीनच्या बाकड्यावर परक्या माणसांच्या संगतीत आपण कोण आहोत हे हळूहळू उमगत जाणे, हाच तर तेथील वास्तव्याचा अर्थ. ज्याला एकांत मिळाला पण संगत नाकारली गेली, त्याला विद्यापीठ मिळालेच नाही.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचे प्रकरण मराठी वाचकाने विसरता कामा नये. नागपूर विद्यापीठात शिकलेले हे गृहस्थ अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या ‘पायाखालची हिरवळ’ या काव्यसंग्रहास महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात शिरले, आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून निलंबित केले ते घुसखोरांना नव्हे, सिरसांना. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते आपल्या भाड्याच्या घरात मृत आढळले. आता हे पाहा, की त्या वेळी दिल्लीचा २००९ चा निकाल झालेला होता, न्यायालयाने त्यांची बाजू घेतली होती, आणि त्यांच्या खासगीपणाचा भंग झाला ही गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्पष्ट होती. कायद्याच्या बाबतीत त्यांच्या पदरी पुष्कळ काही होते. नव्हते ते एवढेच, की ज्या आवारात त्यांनी दोन दशके अध्यापन केले तेथे त्यांच्यासारख्यांचे, किंवा त्यांच्यासारख्यांसाठी आपले नाव देणाऱ्यांचे, एखादे मान्यताप्राप्त मंडळ, ज्याच्या दारात त्या रात्रीनंतर त्यांना जाता आले असते.

त्यानंतर चित्र काहीसे पालटले. मुंबईच्या आयआयटीत २०११ साली ‘साथी’ नावाचा गट सुरू झाला. पुण्यात त्याच वर्षी डिसेंबरात पहिली अभिमान यात्रा निघाली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने काही वर्षांनी लिंगनिरपेक्ष वसतिगृहाची सोय केली. सरकारी दप्तरात तर एक विलक्षण विसंगती नोंदली गेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती करून लैंगिक कलावरून होणारा छळही रॅगिंगच्या व्याख्येत घातला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कलम ३७७ पुन्हा जिवंत केलेले होते, त्यामुळे दंडविधान ज्या विद्यार्थ्याला आजन्म कारावासापर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरवत होते, त्याच विद्यार्थ्याचे रक्षण करण्याचे फर्मान आयोग प्राचार्यांना देत होता. आपल्या राज्यकारभारात डाव्या हाताचे उजव्या हातास ठाऊक नसणे कधी कधी असे उपकारकही ठरते! आणि मे २०१८ मध्ये, कलम अजून जिवंत असताना, निरनिराळ्या आयआयटींच्या २० आजीमाजी विद्यार्थ्यांनी आपल्या नावानिशी सर्वोच्च न्यायालयात त्या कलमाविरुद्ध अर्ज केला. कोलंबियात जी नावे झाकण्यासाठी इतरांची नावे उसनी आणावी लागली होती, तशी नावे येथे प्रतिज्ञापत्रावर आली. सैलसर गटांतून, गप्पांतून, चित्रपटाच्या खेळांतून आणि नव्या मुलांची भीती मोडण्याच्या खटाटोपातूनच एवढे बळ साठते, असे मी मानतो.

विद्यापीठ शिकण्यासाठी आहे, असल्या गोष्टींसाठी नाही, ही हरकत जुनी आहे आणि तिच्यात फार दम नाही. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. संततिनियमनाचा जाहीर पुरस्कार करू लागताच १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली, तेव्हाही त्यांनी गणित वाईट शिकवले अशी कोणाची तक्रार नव्हती. त्यांनी १९२७ साली काढलेल्या ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही, उत्तरे दिल्याबद्दल १९३४ साली खटला झाला. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. खटला ते हरले, दंड झाला. तरी मराठीत या विषयाची चर्चा परदेशातून आलेल्या फॅशनने सुरू केली असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख एकदा पाहून घ्यावी.

अधिक गंभीर हरकत वेगळी आहे, आणि ती चळवळीच्या आतूनच येते. आयआयटी, टाटा संस्था आणि मोठ्या शहरांतील चार-दोन नामांकित महाविद्यालये सोडली तर हे सारे कोठे आहे? इंग्रजी बोलणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या, घरापासून दूर असलेल्या मुलांना जे साधते, ते रोज एसटीने गावाहून येणाऱ्या, संध्याकाळी त्याच गावी परतणाऱ्या आणि ज्यांचा मामा कॉलेजच्या संस्थेत शिपाई किंवा संचालक आहे अशा मुलामुलींना कसे साधावे? या प्रश्नापुढे पताका खरोखरच निरुपयोगी ठरतात. शिवाय विद्यार्थ्यांच्या मंडळाचे आयुष्य अल्प असते: ज्या मुलीने तीन वर्षे खपून गट उभा केला, ती पदवी घेऊन गेली की तिच्याबरोबर ओळखी, अर्जांच्या प्रती आणि कोणत्या अधिकाऱ्याकडे कधी जावे याचे शहाणपणही जाते, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना सगळे पहिल्यापासून करावे लागते. मिशिगन विद्यापीठाने १९७१ साली अॅन आर्बर येथे समलिंगी विद्यार्थ्यांसाठी एक कचेरी उघडून त्यात अल्पवेळ का होईना, पण पगारी माणसे नेमली, यातील शहाणपण मला इथे दिसते. स्वयंसेवेचे गोडवे गाणारी संस्था पुष्कळदा फुकटच्या श्रमावर आपला लौकिक वाढवत असते. रात्री दोन वाजता जिवावर उदार झालेल्या मित्राला फोनवर धीर देणारा विशीतला विद्यार्थी हे काम निभावतो खरे, पण ते त्याच्यावर टाकून निश्चिंत झोपणाऱ्या व्यवस्थेची मला लाज वाटते.

म्हणून आपल्याकडे नावे देण्याची पाळी आधी प्राध्यापकांची आहे; ते मुलांसारखे तीन वर्षांत निघून जात नाहीत, आणि त्यांचे पद कायम असते. सिरसांचेही पद कायम होते, त्याचा काय उपयोग झाला, असे कोणी विचारील. उपयोग झाला नाही, कारण ते एकटे होते. एका माणसाच्या निलंबनाचा हुकूम निघायला एक सही पुरते, निरनिराळ्या विभागांतील वीस-पंचवीस जणांच्या बाबतीत ती सही करण्यापूर्वी कुलसचिव थोडा वेळ तरी बसून विचार करील.

आणि तालुक्याच्या महाविद्यालयात त्यासाठी नवे काही उभारायचीही गरज नाही. तेथे १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय सेवा योजना आहे, तिचा कार्यक्रम अधिकारी आहे, हजेरीची वही आहे, दोन वर्षांत भरायचे २४० तास आहेत आणि सात दिवसांचे निवासी शिबिर आहे. तिच्याच जोडीला अनेक ठिकाणी रेड रिबन क्लब आहे, जो एड्सविषयी जागृती करतो. आणि समलिंगी किंवा तृतीयपंथी माणसाचा उल्लेख त्या आवारात अधिकृतपणे झालाच तर तो याच एका दाराने होतो, रोगाच्या संदर्भात, एक डिसेंबरच्या फेरीत, घोषणाफलकावर. अठरा वर्षांच्या मुलाला आपल्याविषयीचा पहिला शब्द महाविद्यालयाकडून ऐकू यावा तो धोक्याची सूचना म्हणून, ही स्थिती कोणी दुष्टपणे निर्माण केलेली नाही. निधी ज्या खात्यातून आला त्या खात्याची भाषा सोबत आली, इतकेच. योजनेच्या वार्षिक आराखड्यात एखादी दुपार अशी घालता येईल, की जीत रोगाचा विषय निघणार नाही. जवळच्या शहरातील एखादा कार्यकर्ता येईल, मुले प्रश्न विचारतील, ज्यांना विचारायचे नसतील ती नुसतीच बसतील, आणि नंतर चहा होईल. असा ठराव बैठकीत आला तर पहिली हरकत बहुधा नीतीची नसेल. कोणीतरी चष्मा सावरीत म्हणेल, की हा विषय आरोग्याचा नसल्यामुळे त्याच्या चहापाण्याचा खर्च रेड रिबन क्लबाच्या खात्यात टाकता येणार नाही. हरकत अगदी रास्त आहे. तो खर्च मग कोणत्या खात्यात टाकावा, यावर त्या बैठकीत जी चर्चा होईल, तेथून या कामाला आरंभ करता येईल.